एसीची मागची बाजू

"बाळंतिणीच्या खोलीत गरम नाही होणार, तं काय काश्मीर होणार?"

पडद्याआडून आत्या बोलत होती. त्याआधी आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नव्हतं. आत्यासमोर आईचा आवाज नेहमीच अर्धा होत असे. मग पुन्हा आत्याच: "आमच्या वक्ताले पंखा बी नव्हता वो वहिनी. मेलो का आमी? लेकराचं आंग ऊनच असते."

मी खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले होते. खेळ थांबवून ठेवला होता. आत बाळ रडत होतं आणि ते रडणं मला ठीक वाटत नव्हतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते हक्कानं, सगळं घर गोळा होईल असं रडायचं. आता आवाज बारीक निघत होता आणि मध्येच तुटत होता.

ताई, माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी अमरावतीहून माहेरी आली होती. माहेर म्हणजे अकोल्यातलं, जठारपेठेतलं आमचं घर. महिना मे. मी अमरावतीला कॉलेजात शिकत होते, सुट्टीत घरी आले होते. बाळंतपण करायला बाबांची मोठी बहीण मोर्शीहून आली होती. तिनं आमच्याकडची आणि तिच्या सासरची मिळून बरीच बाळंतपणं काढली होती, त्यामुळे ती आली की आईनंही स्वयंपाकघराबाहेरचा कारभार तिच्याकडे दिला.

ताईला मधली खोली दिली होती. खिडकीवर आत्यानं जाड गोधडी खिळ्यांनी ठोकली होती. पंख्याचं बटण तिनं चिकटपट्टी लावून बंद केलं होतं, कोणी चुकून दाबू नये म्हणून. ताईचे कान स्कार्फनं बांधलेले. सकाळ-संध्याकाळ बाजेखाली शेगडी आणि ओवा-बाळंतशोपाची धुरी. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी "बाळाला ऊब द्या" असं सांगितलं होतं. आत्याला तेवढं वाक्य पुरेसं होतं. अकोल्याच्या मे महिन्यात कोणी डॉक्टर हे वाक्य सवयीनं बोलून गेला असेल, असं तिच्या मनात येणं शक्य नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. ती खोली आमच्या घरातली सगळ्यांत थंड खोली होती. लहानपणापासून उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही दोघी बहिणी तिथंच फरशीवर झोपायचो. कुठल्याच भिंतीवर थेट ऊन नाही, खिडकी एकच, तीही दुपारी बंद. खिडकी बंद ठेवण्यात आत्याची चूक नव्हतीच. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खिडकी उघडली तर आत येतं ते वारं नसतं, झळ असते. शेगडी तर सकाळ-संध्याकाळच असायची. मग भर दुपारी, शेगडी विझल्यावर, ती खोली बाहेरच्या पॅसेजपेक्षा जास्त का तापत होती?

मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बाणाकडे पाहत बसले. खेळात कुठल्याही खोलीवर बाण नेला की तिथलं तापमान दिसतं.

हा खेळ कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मला पेनड्राइव्हवर दिला होता. काही माणसं अनोळखी मुलखात येऊन पडतात, त्यांच्यासाठी घर बांधायचं, धान्य पिकवायचं, त्यांना जगवायचं. जिंकणं असं काही नसतं. सुरुवातीला मुलूख निवडायचा असतो, मी वाळवंट निवडलं. मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस, पहिल्यांदा खेळणारे नदीकाठ घेतात. मला वाटलं, उन्हाची आपल्याला सवय आहे.

त्या खेळात मी शिकले ते बहुतेक सगळं भिंतींबद्दल होतं. लाकडाची भिंत उष्णता लवकर सोडते, दगडाची अडवते. दोन भिंती मध्ये जागा ठेवून बांधल्या तर आणखी बरं. मोठी खोली उशिरा थंड होते, पण दार उघडलं तरी लगेच तापतही नाही. दाराबाहेर छोटी मोकळी जागा सोडून दुसरं दार लावलं की थंडावा आत राहतो. आणि थंड करणाऱ्या यंत्राला दोन बाजू असतात, एक निळी, एक लाल. यंत्र थंडी तयार करत नाही. निळ्या बाजूची उष्णता उचलतं आणि लाल बाजूनं बाहेर टाकतं. ती कुठं टाकायची हे आपण ठरवायचं.

माझ्या पहिल्या वस्तीत मी धान्याचं कोठार थंड केलं आणि यंत्राची लाल बाजू मागच्या एका अरुंद कोनाड्यात वळवली. बाहेरून चांगलं दिसावं म्हणून त्या कोनाड्यावर छप्परही घातलं. कोनाड्याच्या पलीकडे आजाऱ्यांची खोली होती. कोठारात बर्फ झाला आणि आजाऱ्यांच्या खोलीत माणसं एकामागून एक बेशुद्ध पडायला लागली. मला वाटलं, साथ आली. मी औषधं देत राहिले, खाटा वाढवत राहिले. सगळे गेल्यावर कधीतरी बाण कोनाड्यावर गेला आणि तिथला आकडा दिसला. पुढच्या वेळी मी फक्त छप्पर काढून टाकलं. उष्णता वर निघून गेली.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं होतं. पण आमच्या घरात माझं बोलणं फार नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून नातेवाईक मला गर्विष्ठ समजत, आणि मी ते खोडून काढत नसे, कारण खोडायलाही बोलावं लागलं असतं. शाळेत वऱ्हाडी बोललं तर हसत. घरी शाळेसारखं बोललं तर आत्या म्हणायची, "आली मॅडम!" मग मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. माझं काम पाहणं होतं आणि ते मी बरं करत असे.

बाळाचा तो तुटका आवाज ऐकत असताना हॉलमधून घरघर येत होती. एसी चालू होता.

एसी आमच्याकडे नवीनच आला होता. बाळ झालं आणि बारशाला अमरावतीहून ताईचं सासर येणार हे ठरलं, त्याच आठवड्यात बाबांनी तो आणला. बाबांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. त्या वर्षांत दुकानात गिऱ्हाईक यायचं ते बसून बोलायला, घ्यायला कमी. गावाबाहेरची एक कापसाची जिनिंग मिल बंद पडली होती, तिच्या ऑफिसातलं सामान विकायला निघालं. टेबलं, खुर्च्या, मॅनेजरच्या केबिनमधला एसी. एसी मोठ्या खोलीचा, अवाढव्य. "जवाईबापू पहिल्यांदा लेकराले पाहायले येऊन राहिले, घामाघूम बसतीन का?" असं बाबा म्हणाले. त्यात थोडा आनंद होता, थोडी काळजी. दुकानाची बातमी अमरावतीपर्यंत गेली असेल याची ती काळजी होती.

बसवणाऱ्यानं एसीची बाहेरची पेटी कुठं लावायची विचारलं. रस्त्याच्या बाजूला लावली तर तांब्याचा पाइप चोर कापून नेतात, आमच्या गल्लीत दोनदा झालं होतं. जुना पाइपही आखूडच होता. म्हणून पेटी मागच्या बोळात लागली. बोळ म्हणजे आमची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत यांमधली, एक माणूस तिरपा जाईल एवढी जागा. वरून शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या कूलरचं पाणी ठिबकायचं म्हणून बाबांनी सगळ्या बोळावर पत्रा टाकला होता. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं मागचं दार. मधल्या जागेत निळे ड्रम, कारण नळाला पाणी कधी येईल याचा त्या वर्षी भरवसा नव्हता. शहरात कूलर होते आणि कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. एसीला पाणी लागत नाही, हेही बाबा सगळ्यांना सांगत.

मधल्या खोलीची सिमेंटची जाळी, छताच्या जरा खाली, त्या बोळातच उघडत होती.

हे सगळं मला माहीत होतं. रोज दिसत होतं. पण ते एकमेकांना जोडलं गेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळाच्या आंघोळीच्या वेळी.

"वहिनी, आज बी पाणी तापवाचं काम नाही!" आत्या बोळातून बादली घेऊन आली. खुशीत होती. "ड्रमातलंच कडक हाय. बोट ठेववत नाही. देवानं गॅस वाचवला पाहा."

"उन्हानं तापलं असेल," आई म्हणाली.

मी पॅसेजमधून ऐकत होते. बोळात ऊन येत नाही. वर पत्रा आहे, दोन्हीकडे भिंती आहेत. बाबांनी कालची संध्याकाळ दुकानातल्या मित्रांना एसी दाखवण्यात घालवली होती.

आंघोळ आटोपल्यावर मी बोळात गेले. एसी बंद होता, तरी हवा जाड होती. ड्रमावर पाय देऊन मी जाळीला हात लावला. सिमेंट कोमट होतं. दुपारी बाबा जेवायला आले आणि त्यांनी एसी लावला, तेव्हा मी पुन्हा गेले. पेटीचा पंखा समोरच्या भिंतीवर हवा फेकत होता. ती हवा भिंतीला आपटून वर पत्र्यापर्यंत जात होती आणि पत्र्याखाली जाळी होती. मी जाळीसमोर तळहात धरला आणि मागे घेतला. आमची इस्त्री उलटी धरली की यायची तशी झळ.

त्याच दुपारी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. सगळ्यांनी मिळून विद्युत मंडळाचा उद्धार केला. बाबा बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. आणि मधल्या खोलीत बाळ पोटभर प्यायलं आणि गाढ झोपलं. ताई म्हणाली, "आज जरा बरं वाटतंय गं, का कोणास ठाऊक."

का ते मला ठाऊक होतं. सांगायचं कोणाला एवढाच प्रश्न होता.

मी आईला गाठलं. ती स्वयंपाकघरात बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होती. मी म्हणाले, "आई, एसीची गरम हवा जाळीतून ताईच्या खोलीत जाते." ते मी इतक्या हळू आणि इतकं एका दमात बोलले की तिनं दोनदा विचारलं.

"एसी थंड असतो ना गं?"

"पुढून थंड. मागून गरम. हॉलमधली सगळी उष्णता तो मागे टाकतो. माझ्या गेममध्ये पण..."

गेम हा शब्द मी बोलायला नको होता. आईच्या चेहऱ्यावरची काळजी लगेच निघून गेली आणि तिथं नेहमीची कंटाळलेली माया आली. "अगं, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून डोकं तापतं तुझं. बाबांना काही बोलू नको हं. हौसेनं आणलाय."

आत्याला सांगायचं धाडस मी केलं नाही. ती वाईट होती असं नाही. एका संध्याकाळी ती शेगडीतले निखारे हलवत आईला सांगत होती, मोर्शीजवळची त्यांची संत्र्याची बाग त्या उन्हाळ्यात तोडली. विहिरीनं तळ दाखवला, टँकरनं किती दिवस जगवणार? "कुऱ्हाड घातली तवा ओलं निघालं आतून," ती म्हणाली आणि हसली. "झाडाले बी वाटलं असन, बाई आज पाणी देते." मग पदरानं तोंड पुसून, "बाग नाही राखता आली. लेकरू तं राखतो." ती राखतच होती, तिला येत होतं त्या सगळ्या उपायांनी. तिच्या हातून ती शेगडी कोण काढून घेणार?

म्हणून न बोलता करण्यासारखं होतं ते मी केलं. एका खोक्याचा पुठ्ठा कापला, ड्रमावर चढले आणि बाहेरून जाळीत घट्ट बसवला. खेळात यालाच दगडाची दुसरी भिंत म्हणाले असते. एक दुपार खोली बरी राहिली. एसी चालू होता तरी. बाळाचा आवाज पुन्हा मोठा झाला आणि मी पॅसेजमध्ये बसून ते रडणं ऐकत राहिले. मला वाटलं, संपलं. कोणाला काही सांगायची गरज पडली नाही.

बारशाच्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तोवर बाळाला खोलीबाहेर काढायचं नाही, हा आत्याचा दंडक. अमरावतीची मंडळी दुपारी जेवायच्या सुमारास आली. ताईचे सासरे, सासू, ताईचा नवरा म्हणजे आमचे भावजी, त्यांच्याकडच्या दोन काकू. त्यांनी ओळीनं मधल्या खोलीच्या उंबऱ्यातून बाळ पाहिलं, आत्यानं दृष्ट काढली आणि सगळे हॉलमध्ये एसीसमोर बसले. बाबांनी दारं लावून घेतली. एसी पूर्ण जोरात लावला.

मला पन्ह्याचे ग्लास फिरवायचं काम होतं.

"ही धाकटी ना? बोलत नाही का हो?" ताईच्या सासूनं विचारलं.

"इंग्रजी शाळेतली हाये न इहीनबाई," आत्यानं दारातून उत्तर दिलं. "आपल्याशी बोलाचं म्हणजे तिले आधी भाषांतर करा लागते."

सगळे हसले. मीही हसले. ट्रे आडवा धरून बाहेर आले.

पुढच्या फेरीला ताईचे सासरे रुमालानं मान पुसत होते. "थंड होऊन नाही राहिलं वाटते," ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता, सहज बोलले होते. पण बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी रिमोट उचलून तापमान आणखी खाली केलं. माणसं जास्त होती, पेटी आपल्याच गरम हवेत गुदमरत होती, म्हणून हॉल थंड होत नव्हता. आणि थंड होत नव्हता म्हणून ते यंत्राला आणखी ताणत होते. मी हे सगळं रिकामे ग्लास गोळा करताना पाहत होते. खेळात असं झालं की मी खेळ थांबवत असे आणि शांतपणे विचार करत असे.

पाणी संपलं म्हणून आईनं मला बोळात पाठवलं. मागचं दार उघडलं आणि हवेनं तोंडावर मारलं. ड्रमाला हात टेकवला तर हात टेकवत नव्हता. मी वर पाहिलं.

जाळीत पुठ्ठा नव्हता. तो खाली ड्रमांमध्ये पडला होता, कोणीतरी आतून ढकलून दिलेला. जाळीतून थोडा निळसर धूर बाहेर डोकावायचा आणि पेटीची हवा त्याला पुन्हा आत लोटायची.

धुरी. बारशाच्या दिवशी बाळ-बाळंतिणीला जास्तीची धुरी. धूर जायला वाट हवी, म्हणून आत्यानं जाळी मोकळी केली होती. ते बरोबरच होतं. धूर कोंडला असता तर आणखी वाईट. माझी सगळी युक्ती एका काठीच्या टोकानं बोळात जाऊन पडली होती.

पाण्याची कळशी तिथंच ठेवून मी मधल्या खोलीत गेले. पडदा सारताच ओव्याचा वास आणि उष्मा एकदम आला. आत्या नव्हती, पाळण्याच्या दोऱ्या बांधायला गेली होती. शेगडी विझायला आलेली. ताई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, नवी साडी घामानं पाठीला चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"पीत नाही गं," ती म्हणाली. "मघापासून लावतेय. नुसता झोपतोय."

बाळ दुपट्यात गुंडाळलेलं होतं, वर टोपडं, त्यावर आत्याच्या हातची लोकरीची शाल. मी गालाला बोट लावलं. आंघोळीनंतरची ऊब नव्हती ती. चुलीवरून उतरवलेल्या भांड्याची होती. ओठ कोरडे. टोपडं मागे सारलं तर टाळू जरा खाली गेल्यासारखी दिसली. मी तळपायाला टिचकी मारली. लहान मुलं पाय आखडून घेतात, त्यानं घेतला, पण फार उशिरा.

मी हॉलच्या दारात गेले आणि बाबांना खुणेनं बोलावलं. ते दारापर्यंत आले. "बाबा," मी कुजबुजले, "बाळ..."

"पाच मिनिटं, बेटा," ते तितक्याच हळू म्हणाले. "इवाई बोलून राहिले. पाहुण्यांसमोर बोलवाचं नसते असं." आणि ते परत जाऊन बसले. ताईचे सासरे सांगत होते की यंदा त्यांच्या भागात संत्र्याचा बहार फुटलाच नाही. बाबा मान हलवत होते. माझा एक हात अजून दारावर होता. दाराच्या या बाजूला पॅसेज तापलेला होता आणि दाराच्या फटीतून पायांवर गार हवा येत होती.

मी परत खोलीत गेले. ताईला म्हणाले, दे इकडे. तिनं विचारलंही नाही. शाल काढली, दुपटं सैल केलं, टोपडं तिथंच टाकलं. बाळ घेऊन पॅसेजमधून चालत हॉलचं दार खांद्यानं उघडलं आणि आत गेले.

मी पंख्याखाली, एसीच्या समोर उभी राहिले. बाळाच्या केसांवरून वारा गेला. कोणीतरी पाणी पीत होतं, मी हात पुढे केला, तो ग्लास भावजींचा होता. त्यात माझ्या ओढणीचं टोक भिजवलं आणि बाळाची मान, काखा, तळपाय पुसले. हे मी कुठं शिकले ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्यांदा काही झालं नाही. मग बाळाचा चेहरा चुरगळला, तोंड उघडलं आणि ते रडलं. बारीक, पण न तुटणारं.

"अवो माय, लेकरू काहून आणलं भायेर?" आत्या मागून धावत आली. तिच्या हातात अजून पाळण्याची दोरी होती. "वारं लागन त्याले! एसीपुढे उभी हाये ही! दे, दे मले."

"पाळण्याआधी बाहेर काढत नाहीत न?" एक काकू दुसरीला म्हणाली.

"काय झालं? कोणी सांगितलं तुला आणायला?" ताईची सासू उठून उभी राहिली होती.

बाबा हसायचा प्रयत्न करत होते. "अहो, तिले मावशीची हौस, बाकी काय नाही. बेटा, नेऊन दे आत्याजवळ. जा."

आत्यानं हात पुढे केले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिच्या हातात मी बोळात ठेवलेली, आता तापलेली कळशी होती आणि कळशीकडे पाहता पाहता तिच्या कपाळावर आठी पडली. भावजी एकटेच बाळाच्या अंगाला हात लावून पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांनी मिळून माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. मला इंग्रजीत शब्द आठवत होते, पुस्तकातल्या मराठीत आठवत होते, आणि त्यांतले कोणतेच या लोकांशी बोलायच्या कामाचे नव्हते. आत्याचे हात दुपट्याला लागले. मी बाळ छातीशी घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे, एसीच्या खाली सरकले. मग मोठ्यानं म्हणाले:

"आत्या, हात नको लावू. बाबा, या एसीची सारी गरमी जाळीतून बाळाच्या खोलीत जाऊन राहिली. एक तं हा बंद करा, नाहीतं ताईले बी इथं आणून बसवा. हा चालू हाये तोवर मी लेकरू त्या खोलीत जाऊ देणार नाही."